विश्लेषण : केव्हिन ड्युरंटच्या ‘ट्रेड’ची चर्चा तीन वर्षे का संपत नव्हती?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक असलेला केव्हिन ड्युरंट २०२५ मध्ये ह्युस्टन रॉकेट्सकडे गेला. २२ जून २०२५ रोजी फिनिक्स सन्स आणि ह्युस्टन यांच्यात व्यवहार ठरल्याची बातमी फुटली. त्या वेळी ड्युरंट न्यूयॉर्कमध्ये एका जाहीर कार्यक्रमात मंचावर बसला होता. समोरच्या चाहत्यांच्या मोबाइलवर बातमी आली आणि आपला संघ बदलल्याचे त्याला सर्वांच्या देखत समजले. ६ जुलैला हा व्यवहार अधिकृत झाला, तेव्हा त्यात दोन नव्हे, तर तब्बल सात संघ सामील होते. एकाच ट्रेडमध्ये इतके संघ याआधी एनबीएत कधीच नव्हते. मात्र ड्युरंट संघ बदलणार अशी कुजबुज जून २०२२ पासून सुरू होती. या अफवा येतात कुठून, त्या कोणाच्या सोयीच्या असतात आणि त्यातल्या किती खऱ्या मानायच्या, याचा हा आढावा.

ट्रेड म्हणजे नेमके काय?

एनबीएमध्ये खेळाडू विकत घेतला जात नाही, त्याचा करार दुसऱ्या संघाकडे वळवला जातो. युरोपातील फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्याला हस्तांतरण शुल्क मोजतो. एनबीएत तसे चालत नाही. रोख रकमेवर वार्षिक मर्यादा असल्यामुळे मोठ्या खेळाडूच्या बदल्यात दुसरे खेळाडू आणि भविष्यातील ‘ड्राफ्ट पिक’ द्यावे लागतात. दरवर्षी लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून ठरलेल्या क्रमाने एकाची निवड करण्याचा हक्क म्हणजे ड्राफ्ट पिक. तळाच्या संघांना साधारणपणे वरचा क्रमांक मिळतो. त्यामुळे एखादा संघ पुढे किती वाईट खेळेल, यावर त्याच्या पिकची किंमत ठरते.

करार दुसरीकडे वळवताना खेळाडूची संमती लागत नाही. पगार तोच, कराराची वर्षे तीच, फक्त शहर बदलते. अपवाद मोजक्या खेळाडूंचा. लीगमध्ये किमान आठ आणि त्यातले किमान चार हंगाम त्याच संघाकडे काढलेला खेळाडू नव्या करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क मागू शकतो. संघाने तो द्यायलाच हवा असे नाही. फिनिक्समध्ये ड्युरंटचा सहकारी ब्रॅडली बील याच्याकडे हा हक्क होता. ड्युरंटकडे नव्हता.

आयपीएलशी तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्सकडे परतला, तो व्यवहार पूर्णपणे रोखीचा होता. आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. एनबीएत ती लागत नाही आणि नुसती रोकडही पुरत नाही. या दोन गोष्टींमुळे अफवांना तिथे इतके महत्त्व आले आहे.

ड्युरंटच्या बाबतीत सुरुवात कशी झाली?

२०१६ मध्ये ड्युरंटने ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सची वाट धरली, तेव्हा त्याचा करार संपलेला होता आणि तो मोकळा होता. तिथे त्याने २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन विजेतेपदे जिंकली. २०१९ च्या अंतिम फेरीत त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला, तरीही ब्रुकलिन नेट्सने त्याला घेतले आणि पहिला पूर्ण हंगाम तो खेळणार नाही हे माहीत असूनही पैसे मोजले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने ब्रुकलिनशी आणखी चार वर्षांचा करार केला. तो २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा होता.

३० जून २०२२ ला, वाढीव कराराचे पहिले वर्ष सुरू व्हायच्या आधीच, त्याने ट्रेड मागितल्याची बातमी आली. ऑगस्टमध्ये त्याने संघमालक जो त्साई यांची लंडनमध्ये भेट घेतली आणि मला ठेवा किंवा महाव्यवस्थापक शॉन मार्क्स व प्रशिक्षक स्टीव्ह नॅश यांना ठेवा, अशी अट घातल्याचे वृत्त अमेरिकी माध्यमांनी दिले. त्साई यांनी ट्विटरवर मार्क्स आणि नॅश यांची बाजू घेतली. २३ ऑगस्टला दोन्ही बाजूंनी एकत्र पुढे जाण्याचे जाहीर केले.

मग दोन महिने ट्रेड का झाला नाही? याचे उत्तर किमतीत होते. त्याच उन्हाळ्यात मिनेसोटाने रूडी गोबेअरसाठी युटाला अनेक खेळाडूंसह पहिल्या फेरीचे चार पिक दिले. गोबेअरचा भाव एवढा असेल, तर ड्युरंटचा किती? ब्रुकलिनने भाव खाली आणला नाही. ड्युरंटच्या कराराची चार वर्षे शिल्लक होती, त्यामुळे घाई फक्त त्याला होती.

नोव्हेंबरमध्ये नॅश यांनी पद सोडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी अर्विंगने ट्रेड मागितला आणि तो डॅलसला गेला. त्यानंतर काही दिवसांतच ड्युरंट फिनिक्सला पोहोचला. बदल्यात ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन हे दोन उमदे खेळाडू, पहिल्या फेरीचे चार पिक आणि २०२८ चा पिक अदलाबदलीचा हक्क मिळाला. चार पिकची वर्षे पाहा : २०२३, २०२५, २०२७, २०२९. सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे भावी पिक देऊन टाकायला एनबीएत मनाई आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक वाटून संघाचे भवितव्यच संपवत आणले होते. तेव्हापासूनचा हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे नियमात बसेल तेवढे जवळपास सगळे फिनिक्सने एका खेळाडूसाठी देऊन टाकले.

बातमीत नेहमी ‘सूत्रांच्या माहितीनुसार’च का असते?

कारण नाव घेऊन बोलणे नियमाने महाग पडते. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसच्या एजंटने आपल्या खेळाडूला न्यू ऑर्लिन्स सोडायचे आहे, असे उघडपणे सांगितले. लीगने डेव्हिसला ५० हजार डॉलरचा दंड केला. मागणी करण्यावर बंदी नाही, ती जाहीरपणे करण्यावर आहे. तीच गोष्ट पत्रकाराच्या कानात सांगितली, तर दंड कोणाला करणार?

संघांवरही अशीच बंधने आहेत. दुसऱ्या संघाच्या करारबद्ध खेळाडूला भुरळ घालणे हा गुन्हा मानला जातो. २०१७ मध्ये पॉल जॉर्जच्या एजंटशी संपर्क केल्याबद्दल लेकर्सला पाच लाख डॉलर मोजावे लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात डेमियन लिलार्ड फक्त मायामीकडूनच खेळेल, असा सूर त्याच्या गोटातून लागला. लीगने सर्व संघांना पत्र पाठवून, यापुढे असे सुचवले तर कारवाई होईल, असे बजावले. लिलार्ड शेवटी मिलवॉकीला गेला.

थोडक्यात, बोलायचे तर आहे, पण नाव लावून बोलता येत नाही. निनावी ‘सूत्र’ जन्माला येते ते या नियमातून. ट्रेडची अफवा म्हणजे व्यवहाराभोवतीचा गोंगाट, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा तीच वाटाघाटी असते, फक्त ती बंद खोलीऐवजी बातम्यांतून चालते.

अफवेचा फायदा कोणाला होतो?

पहिला लाभार्थी खेळाडू. ड्युरंटकडे नकाराधिकार नव्हता, पण एक हत्यार होते : करार वाढवण्यास नकार. जून २०२५ मध्ये त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते आणि त्या वर्षाचा पगार होता सुमारे ५.४७ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास ४७० कोटी रुपये. वर्षभरात तो निघून जाणार असेल, तर त्याच्यासाठी तरुण खेळाडू कोण देईल? त्यामुळे ह्युस्टन, सॅन अँटोनिओ आणि मायामी ही त्याच्या पसंतीची शहरे असल्याच्या बातम्या आल्या, आणि इतर संघांना संदेश मिळाला.

दुसरा लाभार्थी विकणारा संघ. तीन-चार संघ रांगेत आहेत असे छापून आले, की भाव चढतो. तिसरा, घेऊ पाहणारा संघ. आम्ही ‘अमुक खेळाडू देणार नाही’, ही बातमीही किंमत पाडण्यासाठीच असते. चौथे म्हणजे एजंट आणि पाचवे आम्ही, म्हणजे माध्यमे. पहिली बातमी देणाऱ्याला वाचक मिळतो, आणि ज्याच्याकडून ती मिळाली त्याला दुखावून पुढची बातमी मिळत नाही, हेही खरेच.

नुकसान मात्र ज्यांचे नाव विनाकारण ओढले जाते, त्यांचे होते. जुलै २०२२ मध्ये ड्युरंटसाठी बॉस्टनने जेलन ब्राउनचे नाव पुढे केल्याची बातमी आली. तेव्हा ब्राउनने ट्विटरवर हताश होऊन मान हलवल्याचे सुचवणारी तीन अक्षरे तेवढी लिहिली. तो काही आठवड्यांपूर्वीच संघाबरोबर अंतिम फेरी खेळला होता. तो बॉस्टनमध्येच राहिला आणि २०२४ मध्ये बॉस्टनने विजेतेपद पटकावले, तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

पैशाचे गणित अफवांना दिशा कशी देते?

अफवा खरी असण्याची शक्यता तपासायची सर्वांत सोपी जागा म्हणजे पगाराचा तक्ता. २०२५-२६ साठी एनबीएची पगार मर्यादा सुमारे १५.४६ कोटी डॉलर आहे. ती ओलांडता येते, पण १८.७९ कोटींच्या पुढे कर लागतो. त्याच्याही वर ‘एप्रन’ नावाच्या दोन रेषा आहेत : १९.५९ कोटी आणि २०.७८ कोटी. पहिली ओलांडलेल्या संघाला ट्रेडमध्ये दिलेल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. दुसरी ओलांडलेल्याला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू आणता येत नाही. २०२३ च्या सामूहिक कराराने हे निर्बंध आणले.

फिनिक्स दुसऱ्या रेषेच्या पलीकडे होता. ड्युरंट, बील आणि डेव्हिन बुकर यांचे पगार आणि त्यावरचा कर धरून २०२४-२५ मध्ये तो लीगमधील सर्वांत महागडा संघ होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला मायामीचा जिमी बटलर हवा होता. लहान-लहान पगार जोडून बटलरच्या पगाराची बरोबरी करायला नियमाची आडकाठी होती. एकट्याने बरोबरी करू शकेल असा पगार बीलचा, आणि बीलकडे नकाराधिकार. गाडी तिथेच अडली आणि चर्चा ड्युरंटकडे वळली. गोल्डन स्टेटशी बोलणी झाल्याच्या बातम्या आल्या, पण जुन्या संघात परतायला ड्युरंट उत्सुक नव्हता. वॉरियर्सने मग बटलरलाच घेतले.

तो हंगाम फिनिक्सने ३६ विजय आणि ४६ पराभवांवर संपवला. प्लेऑफ हुकले आणि प्रशिक्षक माइक ब्यूडनहोल्झर यांना जावे लागले. तीन वर्षांत पद गमावणारे ते फिनिक्सचे तिसरे प्रशिक्षक. ड्युरंट मात्र सामन्याला सरासरी २६.६ गुण करत होता.

दोन ट्रेडमध्ये ड्युरंटची किंमत किती बदलली?

२०२३ मध्ये दोन उमदे खेळाडू, पहिल्या फेरीचे चार पिक आणि एक अदलाबदल. २०२५ मध्ये जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, त्या वर्षीचा दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच पिक. ग्रीन आणि ब्रूक्स यांचा मिळून पगार ड्युरंटच्या पगाराच्या आसपास होता, हा योगायोग नव्हे.

किंमत घसरण्याची कारणे सरळ आहेत. ३४ वर्षांचा खेळाडू ३६ चा झाला, कराराची तीन वर्षे एकावर आली, आणि विकणाऱ्याला विकायचेच आहे हे फेब्रुवारीपासून जगजाहीर होते. पसंतीच्या तीन शहरांची नावे बाहेर आल्यावर उरलेले बहुतेक ग्राहक मागे सरकले. २०२२ मध्ये कराराची वर्षे संघाच्या बाजूने होती, २०२५ मध्ये खेळाडूच्या.

यातला सर्वांत बोलका तपशील दहाव्या पिकचा आहे. तो मुळात फिनिक्सचाच होता. ड्युरंटसाठी तो ब्रुकलिनला दिला गेला, २०२४ मध्ये ब्रुकलिनकडून त्याचा हक्क ह्युस्टनकडे गेला, आणि ड्युरंटला देताना फिनिक्सने तो परत मिळवला. २०२७ चा पिक मात्र ह्युस्टनकडेच राहिला. ह्युस्टनने हे हक्क गोळा केले, तेव्हाच हा संघ एक दिवस फिनिक्सच्या दारात उभा राहणार, अशी चर्चा सुरू झाली होती. ती अफवा खरी ठरली, कारण तिच्या मागे कागद होता.

अफवाच नसेल तर काय होते?

त्याचेही उदाहरण २०२५ मधलेच आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेत शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर आणि आपल्याकडे रविवारच्या सकाळी, डॅलसने २५ वर्षांच्या लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवल्याची बातमी आली. आदल्या दिवसापर्यंत कुठेही एक ओळ नव्हती. बातमी देणारे पत्रकार शॅम्स चरानिया यांचे खाते हॅक झाले असावे, असे अनेकांना वाटले. खुद्द डॉन्चिचलाही याची चाहूल नव्हती. ज्या संघाला त्याने आठ महिन्यांपूर्वी अंतिम फेरीत नेले होते, त्याच संघाने त्याला गुपचूप पाठवले होते.

डॅलसचे तेव्हाचे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी जाणीवपूर्वक इतर संघांना विचारले नाही. लिलावच झाला नाही. डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एकच पिक मिळाला. वयाने सहा वर्षे लहान आणि त्याहून मोठ्या खेळाडूसाठी हा सौदा स्वस्तातला होता, अशी टीका तेव्हापासून होते आहे. डॅलसच्या स्टेडियमबाहेर चाहत्यांनी निदर्शने केली. डॉन्चिचचेही नुकसान झाले : डॅलसमध्येच राहिला असता तर पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार मिळण्यास तो पात्र ठरणार होता. संघ बदलताच ती पात्रता गेली.

ड्युरंटच्या तीन वर्षांच्या चर्चेचा सर्वांना कंटाळा आला. पण त्या चर्चेमुळेच त्याला पसंतीच्या शहरांपैकी एक मिळाले आणि फिनिक्सच्या चाहत्यांना मनाची तयारी करायला वेळ मिळाला. डॉन्चिचला आणि डॅलसला यातले काहीच मिळाले नाही.

ज्यांच्या अफवाही होत नाहीत, त्यांचे काय?

मोठ्या खेळाडूच्या ट्रेडमध्ये पगाराची जुळणी करण्यासाठी इतरांची घरे हलतात. मिकाल ब्रिजेसला २०१८ मध्ये त्याच्या गावच्या फिलाडेल्फियाने निवडले आणि त्याच रात्री फिनिक्सला दिले. तिथून ड्युरंटच्या बदल्यात ब्रुकलिन, पुढे न्यूयॉर्क निक्स. कॅम जॉन्सन २०२५ मध्ये डेन्व्हरला गेला. २०२३ च्या त्याच ट्रेडमधला जे क्राउडर ब्रुकलिनसाठी एकही सामना न खेळता मिलवॉकीला रवाना झाला. फेब्रुवारीतील मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनला, म्हणजे भारतात रात्री दीडला संपते. तोपर्यंत कोणत्या शहरात राहायचे आहे, हे अशा अनेक खेळाडूंना ठाऊक नसते. त्यांचा पगार मोठा असतो हे खरे, पण त्यांच्याकडे ना नकाराधिकार, ना पसंतीची शहरे छापून आणणारी सूत्रे.

पुढची अफवा कशी वाचावी?

पुढचे नाव २०२५ मध्येच फिरू लागले होते : मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुंपो. २०२१ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या यानिसचा संघ सलग तीन वर्षे पहिल्याच फेरीत बाद झाला. जुलै २०२५ च्या सुरुवातीला मिलवॉकीने जखमी लिलार्डला करारमुक्त केले, आणि त्याचे उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांत विभागून आपल्याच हिशेबावर घेतले. त्यातून माइल्स टर्नरसाठी जागा केली. यानिस जाऊ नये म्हणून एखादा संघ काय किंमत मोजू शकतो, ते यातून दिसते.

अशी बातमी समोर आली की चार प्रश्न विचारावेत. एक, खेळाडूच्या कराराची किती वर्षे उरली आहेत? वर्षे जास्त तर जोर संघाचा, कमी तर खेळाडूचा. दोन, घेणाऱ्या संघाकडे जुळणारे पगार आणि पिक आहेत का? नसतील तर ती बातमी नव्हे, इच्छा आहे. तीन, ही बातमी आज आल्याने फायदा कोणाचा? चार, ती मुळात कोणी दिली? नामवंत पत्रकारांच्या नावाशी मिळतीजुळती, पैसे भरून निळी खूण घेतलेली खाती ट्रेडच्या काळात उगवतात, आणि त्यांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पोहोचायला मिनिटेही लागत नाहीत.

या चारही प्रश्नांची उत्तरे जुळली, तरी ट्रेड होईलच असे नाही. २०२२ मध्ये जुळली होती आणि ड्युरंट जागेवरच राहिला. तो ह्युस्टनला आला, तेव्हा त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. तो वाढला नसता, तर फेब्रुवारी २०२६ मध्ये हेच प्रश्न पुन्हा विचारावे लागले असते.